टाळूचा स्क्रू फिरला की नाक, गाल आणि डोळ्यांखाली काय होतं?

वरचा जबडा अरुंद असला की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. मग जबडा रुंद करायला डॉक्टर लेकराच्या तोंडातल्या टाळूला स्क्रू लावतात आणि घरून पहिला प्रश्न येतो : नाक फेंदारणार तर नाही ना? मुलगी असली तर हमखास.

स्क्रू पट्ट्यांनी दाढांना धरलेला असतो, पण उघडायचा असतो टाळूच्या मधोमधचा सांधा. स्क्रू फिरवायच्या किल्लीचा एक पाव फेरा म्हणजे साधारण ०.२ ते ०.२५ मिमी. सकाळी एक, संध्याकाळी एक, असं बहुतेकांचं दोन-तीन आठवडे चालतं. फट मात्र सगळीकडे सारखी पडत नाही. पुढच्या दातांपाशी जास्त, मागे कमी. खाली जास्त, वर नाकाकडे कमी. मागून कवटीच्या तळाशी असलेल्या स्फेनॉइड हाडाचे पंख आणि बाजूंनी गालाची हाडं जबड्याला अडवतात. हा जोर तिथल्या सांध्यांपर्यंत पोचतो, म्हणून फेरा दिल्यावर नाकाच्या मुळाशी किंवा डोळ्यांखाली थोडा वेळ दडपण जाणवतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

नाकाचा तळ हीच टाळूची वरची बाजू, त्यामुळे नाकाची पोकळी आतून रुंदावते. बाहेरून नाकपुड्यांचा पाया सरासरी एक-दोन मिमी वाढतो. आरशात तो सहसा कळतही नाही. काही मुलांना श्वास मोकळा वाटतो, पण नुसत्या चोंदलेल्या नाकासाठी स्क्रू लावणं मला पटत नाही. आधी अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूची गाठ, तपासून घ्या. सात-आठ वर्षांच्या आतल्या लेकराला मात्र भराभर फेरे देऊ नयेत. त्या वयात नाकाचा आकार बिघडू शकतो.

जबडा रुंदावताना किंचित खाली येतो, दाढांचे उंचवटे एकमेकांवर चढतात आणि हनुवटी खाली-मागे जाते. चेहरा आधीच लांबट असेल तर हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच हिशेबात धरायला हवं.

समोरच्या दोन दातांत फट पडली, तर सांधा उघडतोय. हिरडीतले तंतू ती पुढच्या काही महिन्यांत बरीचशी ओढून घेतात. घरी रबर लावू नका, तो हिरडीत सरकून दाताचं मूळ उघडं पाडतो. आठ-दहा दिवसांत फट नाही आणि दुखणंच वाढतंय, तर फेरे थांबवून एक्स-रे काढा. सोळा-सतरानंतर सांधा बऱ्याचदा घट्ट झालेला असतो. तेव्हा जोर लावला तर दाढा नुसत्या बाहेर कलतात, बाहेरचं हाड पातळ होतं, हिरडी उतरते. मग टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेनं काम करावं लागतं. ‘टाळू रुंद केली की गालफडं उठून दिसतात’ असे व्हिडिओ फिरतात. त्यासाठी पैसे घालू नका.

किल्लीला दोरा बांधा, घशात जायला नको. ती पुढून मागे ढकला आणि पुढचं भोक दिसेपर्यंत सोडू नका, नाहीतर अर्धा फेरा होतो आणि दुसऱ्या दिवशी किल्ली शिरत नाही. चिक्की, सुपारी बंद. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून. फेरे संपल्यावर स्क्रू लॉक करून तीन ते सहा महिने तोंडातच ठेवावा लागतो, कारण फटीत नवं हाड भरायला तेवढा वेळ जातो. लवकर काढला तर जबडा परत आवळतो. बीड-धारूरकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी म्हणूनच दिवाळीच्या तोंडावर सुरुवात करू नये. फेऱ्यांच्या काळात दर आठवड्याला दाखवावं लागतं, ते फडावरून जमत नाही. पट्टा पडून, म्हणजे गळीत हंगाम संपून, गावी परतल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत स्क्रू बसवून घ्या.