१९२३ चा करार: तुम्ही विचारलेत म्हणून

सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या १९१९ साली निघालेल्या देशी जहाज कंपनीच्या जहाजांची यादी मी गेली कित्येक वर्षे जुळवत आहे, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. ५ एप्रिल १९१९ रोजी इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून 'लॉयल्टी' ही आपली पहिली बोट लंडनला धाडणाऱ्या माणसांनी चारच वर्षांत लॉर्ड इंचकेप या ब्रिटिश जहाजमालकाशी असला करार का केला, ती सरळसरळ शरणागती नव्हती का? कुणी हा प्रश्न कुतूहलाने विचारतो, कुणी मला कोंडीत पकडण्यासाठी, आणि त्या सफरीच्या आठवणीचा ५ एप्रिल, म्हणजे सागरी दिन, जवळ आला की तो दुप्पट वेळा येतो. दर वेळी मी अर्धेच उत्तर देऊन सुटका करून घेतली आहे. आज पूर्ण लिहितो.

कराराच्या अटी तुम्हाला माहीतच आहेत: दहा वर्षांची मुदत, ताफ्याला पंचाहत्तर हजार टनांची मर्यादा, वावर हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरता, तोही केवळ मालवाहतुकीचा; उतारू घ्यायचे नाहीत. कागद समोर ठेवून वाचला तर याला दुसरे नाव देता येत नाही, असे माझेही मत होते, आणि ते मी नुसते बाळगले नव्हते, तर सागरी दिनाच्या एका व्याख्यानात भरसभेत मांडलेही होते. त्या व्याख्यानाचे टिपण माझ्याजवळ अजून आहे. त्यात 'शरणागती' हा शब्द सात वेळा आला आहे.

त्या टिपणातली पहिली चूक 'लॉयल्टी'बद्दलची आहे. ही बोट म्हणजे सिंदियाचे सामर्थ्य, असे गृहीत धरून मी पुढचे सगळे घसरण म्हणून सांगितले होते. वास्तविक ती १८९१ साली बांधलेली, कॅनेडियन पॅसिफिकच्या ताफ्यात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने पॅसिफिक महासागरात उतारू नेणारी, पुढे पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेली जुनी बोट होती. तिच्या पहिल्या सफरीचे मोल मी कमी करत नाही, पण अशा एका बोटीवर मालवाहतुकीचा धंदा उभा राहत नसतो. ज्या १९२३ मध्ये करार झाला, त्याच वर्षी 'लॉयल्टी' मोडीत विकली गेली. हे माझ्या यादीत पहिल्याच पानावर होते. व्याख्यानात मात्र मी ते वगळले, कारण ते सांगितले असते तर सूर उतरला असता.

दुसरी गोष्ट सांगणे अधिक अवघड आहे. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले आणि त्यांनी अत्यंत शांतपणे विचारले, "आपण करार वाचलात, पण रिबेटचा कागद कधी पाहिला आहे का?" मी पाहिला नव्हता. त्यांनी सांगितले की त्यांचे आजोबा रंगूनहून मुंबईला तांदूळ मागवत. सिंदियाच्या बोटी रंगूनच्या मार्गावर आल्या तेव्हा आजोबांना मनापासून आनंद झाला, कंपनीचे भाग (शेअर) घेता आले नाहीत याची हळहळही वाटली. पण माल मात्र त्यांनी परदेशी कंपनीच्याच बोटीने आणला. कारण साधे होते. त्या कंपनीकडे त्यांच्या भरलेल्या भाड्यापैकी दहा टक्के रक्कम अडकलेली होती. ठरावीक मुदतीत सगळा माल त्याच कंपन्यांच्या बोटींनी आणला, आणि त्यापुढच्या मुदतीतही निष्ठा मोडली नाही, तरच ती परत मिळायची; मधेच एखादी खेप दुसऱ्या बोटीवर चढवली तर साठलेले सगळे रिबेट बुडायचे. "माझे आजोबा खादी नेसत होते," ते म्हणाले, "आणि त्यांच्यासारखे पुष्कळ होते. मग शरणागती नेमकी कुणाची, एवढेच मला विचारायचे होते."

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, म्हणून मी टोमणा मारला. "म्हणजे सिंदियाला इंचकेपने नव्हे, आपल्या आजोबांनी हरवले म्हणायचे," असे मी म्हणालो, आणि सभागृह हसले. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी काठी घेतली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि ते निघून गेले. मी हार घालून घेत होतो. त्यांचे नाव विचारायचे राहिले, आणि नंतर आयोजकांकडे चौकशी केली तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

गंमत अशी की माझा टोमणा जवळजवळ खरा होता. चूक होती ती तो टोमणा म्हणून वापरण्यात. दर पाडण्याच्या युद्धात मोठी कंपनी एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या मार्गावर भरून काढते. इंचकेपच्या हाती तर ब्रिटिश इंडिया आणि पी. अँड ओ. अशा दोन्ही कंपन्या होत्या. नव्या कंपनीला प्रत्येक खेप पोटाला चिमटा काढून करावी लागते, आणि ज्यांच्या मालावर तिने जगायचे ते व्यापारी रिबेटच्या दाव्याला बांधलेले. याच चरकात जमशेटजी टाटांची जहाजसेवा टिकली नव्हती, आणि १९०६ साली निघालेल्या चिदंबरम पिळ्ळ्यांच्या तुतिकोरिनच्या स्वदेशी जहाज कंपनीचेही तेच झाले. सिंदियाला विकत घेण्याची इंचकेपची तयारी होती. ती न विकता कंपनीने करारावर सही केली. एवढे लक्षात घेतले की करार म्हणजे जिवंत राहण्याची किंमत वाटू लागतो.

पण इथे मी थांबलो तर पुन्हा अर्धेच उत्तर होईल. किंमत मोजली ती फक्त सिंदियाने नव्हे. करारामुळे कंपनी किनारी वाहतूक आपसांत वाटून घेणाऱ्या कंपन्यांच्या ज्या कड्यात शिरली, त्याच कड्याविरुद्ध तिच्याशी निगडित असलेल्या साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ साली केंद्रीय विधिमंडळात किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक आणले, आणि रिबेटची पद्धत बंद करण्याचे विधेयकही त्यांचेच. हे धैर्य म्हणावे की दोन डगरींवर पाय, याचा निकाल मला लावता आलेला नाही. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे पुढे १९३० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या देशी कंपन्या दराच्या चढाओढीची तक्रार करू लागल्या, तेव्हा त्यांचे बोट सिंदियाकडेही होते. ज्याने मार खाल्ला त्याने तो विसरला नाही, हे ठीक. पण तो कुणावर वापरला?

आणि तरीही यादी काढली की मी पुन्हा डळमळतो. कराराच्या मुदतीतच, १९२७ साली बांधलेली 'जलबाला' ताफ्यात आली. १९४३ च्या ऑक्टोबरात जर्मन पाणबुडीने ती अरबी समुद्रात बुडवली. उतारूंच्या वाहतुकीत कंपनी उतरली ती करार संपल्यावर, हज यात्रेकरूंसाठी 'अल मदिना' आणून; ती बोटही १९४४ मध्ये जपानी पाणबुडीने बुडवली. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेली 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरली, तेव्हा नेहरू हजर होते. १९२३ साली सही केली नसती तर या नावांपैकी एकही माझ्या यादीत नसते, असे एक मन म्हणते. दुसरे मन विचारते की दहा वर्षे मोकळी मिळाली असती, तर यादी किती लांब झाली असती.

नव्या टिपणात 'शरणागती' हा शब्द मी खोडला आहे. त्याच्या जागी 'तडजोड' लिहून पाहिले, तेही खोडले. सध्या तिथे केवळ 'करार' एवढेच आहे, आणि समासात त्या गृहस्थांचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत.