मागच्या खिडकीतून

मंगळवार, रात्री

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. आईला अजून नीट सांगितलेलं नाही, म्हणून आधी इथे लिहिते.

साडेचारच्या सुमारास आमसुलांची ताटं आत घ्यायला माडीवर गेले. आभाळ भरून आलेलं, पण थेंब नाही आणि वारा अगदी पडलेला. मागची खिडकी उघडली तर समुद्रावरच्या काळ्या ढगातून काहीतरी खाली लोंबत होतं. आधी वाटलं, लांबवर सर कोसळतेय. पण सरीच्या कडा विसविशीत असतात. याची कड सुरीने कापल्यासारखी होती. वर रुंद, खाली निमुळतं, टोकाला किंचित वाकलेलं. नरसाळंच, फक्त हत्तीच्या सोंडेसारखं हलणारं. आणि ते स्वतःभोवती फिरत होतं.

मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले. सात-आठ मिनिटं तरी असेन. मग टोक विरलं, सोंड दोरीसारखी बारीक झाली आणि ढगात गेली. फोन खाली चार्जिंगला होता. आईला हाक मारायचं सुचलंच नाही.

टोचतंय ते हे. फोटो राहिल्याचं काही नाही. मला भीती वाटली नाही, याचं.

श्रीवर्धनात ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळाचा दिवस, ज्यांनी काढला त्यांना मी काय सांगू? आपण तिघं मधल्या खोलीत पलंगाखाली, वर कौलं एकेक करून जात होती आणि आबा प्रत्येक झाड पडल्याच्या आवाजावर मोजत होते. ताशी एकशेदहा-वीस किलोमीटरचा वारा होता असं नंतर कळलं. त्या दिवसानंतर पत्रा वाजला तरी माझे हातपाय गार पडतात. आणि आज फिरणारा वारा डोळ्यांसमोर उभा असताना मी नुसती बघत राहिले. बघत राहिले असंही नाही. मला ते सुंदर वाटलं. लिहितानाही हात अडखळतोय.

दादाला फोन केला. "वावटळ असेल गं," म्हणाला, आणि वाडीच्या कागदांचं विचारलं. ते असो.

वावटळ नव्हती. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, धूळ-पाचोळा घेऊन वर चढते, डोक्यावर ढग असो वा नसो. हे ढगातून खाली येत होतं. संध्याकाळी वही घेऊन बसले, निदान जे पाहिलं ते तरी नीट लिहून ठेवावं म्हणून. हात लांब करून मूठ धरली की ती आभाळात साधारण १० अंश व्यापते आणि करंगळीची जाडी १ अंश. ढगाचा तळ क्षितिजापासून एक मूठ वर होता. फोनवर तापमान ३१ आणि दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, २६ दाखवत होतं. दोन्हींतल्या दर अंशाच्या फरकाला ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर असतो, म्हणजे इथे सव्वासहाशेच्या आसपास. त्यावरून अंतर साडेतीन किलोमीटर. सोंडेची रुंदी अर्धी करंगळी, म्हणजे तीसेक मीटर. लांबी तळापासून क्षितिजापर्यंतच्या उंचीच्या एक तृतीयांश, दोनशे मीटर. आकडे ढोबळ आहेत, पण आपल्या घरापेक्षा किती तरी मोठं काहीतरी माझ्यासमोर लोंबत होतं, एवढं त्यांतून कळतं.

आबा म्हणायचे, ढग समुद्र पितो. तसं नसतं. दोन बाजूंचे वारे पाण्यावर एकमेकांना भिडतात, तिथे हवेला हलकासा पीळ पडतो. वर वाढत्या ढगाने ती हवा ओढून घेतली की पीळ ताणला जातो, बारीक होतो आणि वेग वाढतो. गिरकी घेणाऱ्या मुलीने पसरलेले हात अंगाशी घ्यावेत, तसं. मधे हवेचा दाब उतरतो, हवा पसरून गार होते आणि तिच्यातल्याच वाफेचं धुकं बनतं. आपल्याला दिसते ती सोंड म्हणजे ढगच, उपसलेलं पाणी नव्हे. ती पाण्याला टेकली की जलस्तंभ, जमिनीला टेकली की टोर्नेडो. माझी टेकली नाही. पण न दिसणारा पीळ तिच्या टोकाच्या खालीही पोचलेला असू शकतो, म्हणजे समुद्रावर काय चाललं होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. जवळची बाजू डावीकडून उजवीकडे सरकत होती, हे मात्र पक्कं आठवतं. वरून पाहिलं असतं तर घड्याळाच्या उलट.

हे सगळं लिहून झालं तरी टोचणी तिथेच आहे.

१ जूनपासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, पाण्यात कोणाचं माणूस नव्हतं. म्हणून भीती वाटली नसेल, असं स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही. त्या क्षणी मला होड्या आठवल्याच नव्हत्या.

जेवताना आईला एवढंच म्हटलं, "आज समुद्रावर ढगाची सोंड उतरली होती."

ती भात कालवायची थांबली. "कुठनं दिसली तुला?"

"मागच्या खिडकीतनं."

"हं," म्हणाली आणि पुन्हा कालवू लागली.

तेव्हा लख्ख कळलं. त्या खिडकीतून समुद्र कधी दिसायचाच नाही. माड आणि पोफळींची भिंत होती, लहानपणी गाज नुसती ऐकू यायची. ती भिंत एका दुपारी आडवी झाली, म्हणून आज मला साडेतीन किलोमीटरवरचा ढग दिसला. आई ती खिडकी उघडत नाही. मी रोज उघडते.

आबांनी एवढं मोकळं आभाळ पाहिलं असतं तर... नको.

रडू आलं, मग थांबलं. मला वाटतं, पलंगाखालच्या त्या दिवशी आम्ही वारा फक्त ऐकला होता. आज तो पहिल्यांदा दिसला, त्याला आकार होता, कड होती, आणि तो निघून गेला. भीती का वाटली नाही याचं याहून जवळचं उत्तर मला सापडत नाही. आईला हे उद्या सांगेन. ऐकेल ती, मान वर न करता.

निजायच्या आधी माडीवर जाऊन खिडकी लावून आले. बाहेर चांदणं होतं. त्या वर्षी आईने लावलेल्या पोफळींपैकी सगळ्यांत उंचीचा शेंडा, हात लांब करून पाहिलं तर, क्षितिजाच्या खाली दोन बोटं राहिला आहे.