विकायला नाही, घरात ठेवायला

आमच्या दुकानात दोरे, सुया, क्रोशाचे हूक, दोसूती, मॅटी, मणी, बेगड, लोकर आणि लाकडी बैल मिळतात. त्यासोबत एक सल्ला फुकट मिळतो : केलेलं विकायला काढू नका. दुकानदारानंच असं बोलावं, हे आमच्या ओळीतल्या व्यापाऱ्यांना खुळेपणाचं वाटतं. धंदा मात्र त्या सल्ल्यावरच चालला आहे, म्हणून हा सगळा प्रवास एकदा लिहून काढते.

सुरुवात नागपूरच्या महाल भागातल्या एका ओसरीवर झाली. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या त्या मिलच्या भोंग्यावर अर्ध्या नागपूरचा स्वयंपाक ठरायचा, असं सासूबाई सांगतात. सासूबाईंना क्रोशाचा नाद. दारातली तोरणं, रेडिओवरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची जाळी, सगळं त्यांच्या हातचं. शेजारणी विचारायच्या, "वहिनी, हा दोरा कुठचा?" मग त्या इतवारीतून ठोक भावानं दोरा आणून ओसरीवरच्या ट्रंकेत ठेवू लागल्या. मिलचे दिवस फिरलेच होते. २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. तोवर ट्रंकेचं कपाट झालं होतं, आणि पुढे त्या कपाटाचं दुकान झालं. ओसरीला शटर लागलं, एवढाच काय तो फरक.

मी लग्न होऊन अमरावतीहून आले. टाके मला येत होते, धंदा येत नव्हता. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे सासूबाईंकडे बघूनच कळलं. बाई आली की आधी "काय पाहिजे?" न विचारता "काय करून राहिल्या सध्या?" असं विचारायच्या. उत्तर ऐकून दोराही त्याच काढून द्यायच्या, आणि पुष्कळदा मागितला त्याहून कमी. "अवं, एवढ्या कामाला सहा गुंड्या काहून? चार पुरतात. लागलाच तर ये." चार गुंड्यांवाली परत यायचीच. सहा गुंड्यांवालीच्या दोन कपाटात पडून राहायच्या, आणि त्या दिसल्या की तिला पुढचं काम सुरू करायची लाज वाटायची.

आता तो फुकटचा सल्ला. आठवड्यातून एखादी तरी मुलगी विचारतेच, "काकू, हे शिकून घरबसल्या किती कमावता येईल?" मी पाटीवर हिशेब मांडून दाखवते. बारा इंचांचा बऱ्यापैकी गुंतागुंतीचा क्रोशाचा रुमाल सरावलेल्या हातालाही दहा तास घेतो. दोरा ६० रुपयांचा. कोणी फार कौतुक करून ३०० रुपये दिले, तर तासाला २४ रुपये पडले. त्यात मान आखडते ती वेगळी. मशीनवर विणलेला रुमाल सीताबर्डीच्या फुटपाथवर याच्या निम्म्या किमतीत मिळतो. ज्यांना खरंच पैशाची गरज आहे त्यांना मी शिवणयंत्राकडे वळवते. ब्लाउज आणि फॉल-पिकोला मागणी बारमाही आहे. बाकीच्यांना सांगते, करा, पण स्वतःच्या टेबलावर घाला. यातल्या निम्म्या मुली निघून जातात. उरलेल्या निम्म्या आमची पक्की गिऱ्हाइकं होतात.

मध्यंतरी एक गृहस्थ योजना घेऊन आले होते. बायकांकडून अनामत घ्यायची, साहित्य द्यायचं, तयार माल 'पसंत पडला तर' परत विकत घ्यायचा. माल कोणाचाच पसंत पडत नाही, अनामत मात्र राहते. चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. पुढे दुसऱ्या पेठेत त्यांचं बस्तान बसल्याचं कानावर आलं.

रुखवताचंही असंच. पूर्वी लग्न ठरलं की मुलीच्या मावश्या-आत्या महिनाभर सुपाऱ्या सजवायच्या, मण्यांची महिरप ओवायच्या, तांदळाच्या दाण्यांचे नवरा-नवरी करायच्या. आता आख्खं रुखवत भाड्यानं मिळतं. लग्न लागलं की टेम्पोत घालून दुसऱ्या मांडवात. लोकांना वेळ नाही हे मान्य. म्हणून आम्ही मधली वाट काढली : अर्धवट रुखवत. महिरपीचा तारेचा सांगाडा तयार, मणी ओवलेले, पण जोडायचे तुम्ही. सुपारीला कापड चढवलेलं, डोळे-नाक काढायचे तुम्ही. एका रविवारी पाच-सहा जणी बसल्या तर संध्याकाळपर्यंत होतं. "पूर्णच करून द्या ना, पैसे देतो" म्हणणाऱ्यांना आम्ही दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो. सुपारीच्या नवरदेवाला कोणी तिरळा केला यावरून मावश्यांचं जे भांडण होतं, ते तयार मालात कुठून मिळणार?

आमचं वर्ष पंचांगावर आणि उन्हावर चालतं. मे महिना सगळ्यात जोरात. बाहेरगावच्या लोकांना नवल वाटतं, पण नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या दिवसांत दुपारी बारा ते पाच घरात कोंडून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. पोट्टे घरात, कूलर सुरू, रसाळीचं जेवण झालेलं, आणि अडीच वाजल्यापासून "आई, आता काय करू?" हे पालुपद. मुलांसाठी हातकामाचं साहित्य एकत्र बांधलेले आमचे उन्हाळी संच या अडीच तासांसाठीच बेतलेले असतात. त्यात कागदाच्या पट्ट्यांची क्विलिंगची नक्षी मुद्दाम नाही, कारण कूलरच्या दमट झोताखाली गुंडाळलेल्या पट्ट्या सैल होऊन उलगडतात. पांढरा दोराही नाही. घामेजल्या बोटांनी तो तिसऱ्या ओळीला मळकट दिसतो. लहान मुलांना आम्ही सहा पदरी दोऱ्याचे तीन पदर सुटे करून देतो आणि एका वेळी हातभरच दोरा घ्यायला सांगतो. लांब दोऱ्याला गाठी पडतात, आणि पोरं काम सोडतात ते गाठींपायी. टाका अवघड म्हणून कोणी सोडलेलं मी पाहिलं नाही. आधी धावदोरा, मग उलटी टीप, मग साखळी. गव्हाचा टाका दिवाळीच्या सुट्टीवर.

पण आमच्या मनातला खरा सण तान्हा पोळा. पोळ्याला शेतकऱ्यांचे खरे बैल मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी, चाकांवरचे. पोरगं दोरी धरून बैल घरोघरी नेतं, घरची बाई ओवाळते आणि हातावर बोजारा ठेवते. पूर्वी चाराणे-आठाणे असायचे, आता दहाच्या खाली कोणी बघत नाही. त्याच सकाळी महाल-इतवारीत पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवत निघते, 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्या उठतात, आणि गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. दुकान अर्थातच बंद. आमची खरी धावपळ आधीचे पंधरा दिवस.

बैल आम्ही करत नाही, ते सुतार करतो. आम्ही झूल शिवायचा संच देतो : मखमलीचा कापलेला तुकडा, आरसे, कडेच्या काजाच्या टाक्यासाठी जाड दोरा, गोंडे, शिंगांची बेगड, घुंगरमाळ. मापं चार, तळहाताएवढ्या बैलापासून पोराच्या कमरेएवढ्यापर्यंत. शिवाय जुने बैल दुरुस्तीला येतात, त्यांचा एक वेगळा कोपराच करावा लागला. कोणाच्या आजोबांचा बैल माळ्यावरून उतरतो, त्याचं एक शिंग गेलेलं, चाक डगमगणारं. "नवा घ्या" म्हणायची सोयच नाही. अमेरिकेतून आलेल्या नातवाला याच बैलाचा बोजारा मागायचा असतो. शिंग बसवून देतो, पण जुना रंग खरवडत नाही.

वस्त्या-वस्त्यांत सजावटीच्या स्पर्धा होतात. माझं मत विचाराल तर बक्षिसांनी या सणाची मजा घालवली. बैल पोराचा, झूल आईची, देखावा बाबांचा, आणि नंबर आला नाही की रडणं पुन्हा पोराचं. एका पहिलीतल्या मुलानं आमच्या संचातली सगळी आरशांची टिकली बैलाच्या एकाच बाजूला चिकटवली होती. कारण विचारलं तर म्हणाला, "लोकं याच बाजूनं पाहतात ना." त्याला कोणी बक्षीस दिलं नाही.

पाठोपाठ महालक्ष्म्या येतात, त्यांच्या महिरपी आणि पदराच्या झालरी; मग कोजागिरीपर्यंत मुलींच्या गाण्यांची भुलाबाई. दिवाळीनंतर लोकर निघते. थंडीत रस्त्यारस्त्यावर तयार स्वेटरांची दुकानं लागतात, त्यामुळे मोठ्यांचे स्वेटर घरी विणणं जवळजवळ संपलं. पण बाळाचं टोपडं नि मोजे अजून आजीच विणते, आणि त्यासाठी मऊ लोकर मागायला येते तेव्हा घासाघीस अजिबात करत नाही.

आमच्या यजमानांचा नाद निराळा : रेल्वे. मुलं लहान होती तेव्हा रविवारी फिरायला कुठे जायचं हा प्रश्नच नसायचा, कडबी चौकाजवळचं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय. २००२ च्या डिसेंबरात ते उघडलं, आणि आमच्या घराला कायमचं चिकटलं. मुलं बागेत खेळायची, हे इंजिनासमोर वही घेऊन उभे. नागपूरहून छिंदवाड्याकडे, नागभीडकडे धावणारी छोटी गाडी, अडीच फूट रुंदीचे ते रूळ, हे सगळं आता इतिहासजमा झालं. यांनी त्या वहीवरून फुलीच्या टाक्याचा नकाशा काढला : इंचाला १४ चौकटींच्या कापडावर १४० चौकटींचं इंजिन, म्हणजे भरून झालं की दहा इंच. धुराच्या राखाडी छटा तीन. मला वाटलं, हे कोण भरणार? रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी भरलं, आयुष्यात पहिल्यांदा सुई धरून. "इंजिनाचं चाक तुम्ही चुकवलं आहे" असं सांगायला ते नकाशा घेऊन आले. दोघांची त्यावर तासभर चर्चा चालली, आणि पुढच्या छपाईत चाक बदललं. आता पुरुष गिऱ्हाइकं बरीच येतात; सुरुवातीला "मिसेससाठी" म्हणतात.

जानेवारीत एक दिवस दुकान बंद ठेवून आम्ही सगळे रामटेककडे जातो. संच बांधणाऱ्या बायका, त्यांची पोरं, सासूबाई, सगळे. गडावर दर्शन, खिंडसीच्या पाण्याकाठी थोडं रेंगाळणं, आणि ओळखीच्यांच्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. दरवर्षी प्रत्येक जण पिशवीत आपलं विणकाम घेऊन येते आणि दरवर्षी एक टाकाही पडत नाही. मी आधी टोकायची, आता माझीही पिशवी तशीच परत येते.

मुलगी हल्ली संच बाहेरगावी पाठवते. टाळेबंदीत घरोघरी रिकामे हात होते तेव्हा तिनं ते सुरू केलं. पुण्या-मुंबईहून विचारणा येते की हा चाकांचा बैल नेमका कशासाठी, म्हणून आता संचात तान्ह्या पोळ्याची एक पानभर माहिती घालतो आणि शेवटी लिहितो, बोजारा शेजाऱ्यांकडून मागावा, आईबाबांकडून नाही.

गुरुवारी दुपारी तीन ते पाच दुकानाच्या मागच्या खोलीत सासूबाई बसतात. अडलेलं काम घेऊन कोणीही यावं, पैसे नाहीत. कात्री आपली आणावी, त्यांची कात्री त्या कोणाला देत नाहीत. मे महिन्यात मात्र लवकर या, कूलरसमोरची जागा अडीचलाच भरते.