होळीनंतरचं पेठ: मुलांच्या थेरपी शिबिराला निघताना

नाशिकहून पेठ तालुक्याकडे अपंग मुलांच्या थेरपीचं शिबिर न्यायचं तर आधी पंचांग बघावं आणि मग गाडी ठरवावी. पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातली घरंच्या घरं भात घरात आला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. काढणी संपेपर्यंत पाड्यावर म्हातारी माणसं तेवढी उरतात, आणि ज्या मुलासाठी आपण निघालो ते मूल बागेच्या बांधावर झोळीत असतं. जुलैत यावं तर भाताची आवणी (लावणी) चालू, पावसानं ओहोळ भरलेले. होळीला मात्र बहुतेक सगळे घरी परततात. सणानंतरचे चार-सहा दिवस ही या भागातली खरी वेळ. शाळेच्या सुट्ट्या किंवा स्वयंसेवकांच्या रजा बघून तारीख काढली की शिबिरात सतरंज्याच जास्त दिसतात.

पेठ नाका सोडला की रामशेज किल्ला दिसतो, द्राक्षबागा मागे पडतात आणि सावळघाट, कोटंबी घाट उतरत रस्ता पेठला पोहोचतो. अंतर साधारण ५५ किलोमीटर. मार्चमध्ये दुतर्फा पळस पेटलेला असतो, मोहाचा वास गाडीत येतो. पेठच्या पुढे पाड्यांवर जायचं तर मोठी गाडी सोडून जीप धरावी लागते, त्यामुळे सामान दोन माणसांना उचलता येईल इतकंच.

सामानाचं म्हणाल, तर रंगीत थेरपी बॉल, हॅमॉक, सेन्सरी दिवे यांतलं काहीही नेत नाही. बॉलवर मूल हसतं, फोटो छान येतो, आणि बॉल आपल्याबरोबर नाशिकला परत येतो. आमची कसोटी एकच आहे. आपण निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई ही गोष्ट करू शकेल का? म्हणून पेटीत मापाची टेप, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, दोन जाडीचे ईव्हीए फोमचे तुकडे, रुंद वेल्क्रो, रेक्झिन, कात्री, हॅक्सॉ ब्लेड, स्टीलचे छोटे उथळ चमचे आणि धुतलेल्या चादरींचा गठ्ठा. चादर प्रत्येक मुलाला वेगळी. खरूज एका मुलाकडून सतरंजीवर आणि सतरंजीवरून दहा मुलांकडे जाते. त्या शिबिराचं नाव मग गावात वर्षभर निघतं, चांगल्या अर्थानं नाही.

शिबिर सकाळी नऊला लावू नये. या भागात पाऊस धो धो पडतो, पण पाणी डोंगरावर थांबत नाही. मार्चपासून विहिरी तळाला जातात आणि बायांची सकाळ हंड्यांत जाते. अकराला माणसं येतात. एका मुलाला नीट तपासून, आईला शिकवून, तिच्याकडून करून घ्यायला पाऊण तास लागतो. म्हणजे एका थेरपिस्टनं दिवसाला सहा-सात मुलं. ‘एका दिवसात शंभर मुलं तपासली’ असा फलक बघितला की समजावं, शंभर मुलांची नावं लिहिली गेली.

तपासणीत पहिला प्रश्न फिटचा. शेवटची कधी आली, औषध कोणतं, आज सकाळची गोळी किंवा औषध दिलं का? शिबिराला यायच्या गडबडीत तो डोस हमखास राहतो, आणि वर उपाशीपोटी जीपचा प्रवास. मग मोजणी. सीपीच्या (सेरेब्रल पाल्सीच्या) मुलांसाठी हालचालींची क्षमता ठरवणाऱ्या जीएमएफसीएसच्या पाच पायऱ्या वापरतो: पहिलीतलं मूल चालतं, फक्त धावण्या-उडी मारण्यात मागे पडतं, पाचवीतल्याला मानही धरता येत नाही. ही पायरी आई-बापाला सरळ सांगावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. चौथ्या-पाचव्या पायरीतल्या मुलाला ‘रोज व्यायाम करा, चालेल’ असं म्हणणं म्हणजे त्या आईच्या दहा वर्षांची फसवणूक आहे. तिसरीपासून पुढे खुब्याचा एक्स-रे ठराविक काळानं काढावा लागतो. खुबा हळूहळू निसटतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि मांड्या फाकेनाशा झाल्या की आई सांगते, ‘लंगोट बांधायला जमत नाही.’ हे वाक्य ऐकलं की पुढची चिठ्ठी एक्स-रेची.

जेवणाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण या मुलांचा जीव बहुतेकदा पायांपायी नाही, छातीपायी जातो. नेहमीची पद्धत अशी: मूल मांडीवर आडवं, मान मागे, तोंडात वाटीनं पेज ओतायची. मान मागे पडली की श्वासनलिकेचं तोंड उघडं राहतं आणि पातळ पेज तिकडे उतरते. जेवताना ठसका, डोळ्यांत पाणी, जेवल्यावर घरघरता आवाज, दर महिन्या-दोन महिन्यांनी ‘छाती भरली’. या चारांतलं काहीही सांगितलं की आधी बसणं बदलायचं. आईनं भिंतीला टेकून बसावं, मूल तिच्या मांडीवर उभट, कंबर मागे घट्ट, हनुवटी किंचित खाली. चमच्यात अर्ध्या चहाच्या चमच्याइतकंच. चमचा जिभेच्या मध्यावर टेकवून हलका दाबायचा, ओठ मिटायची वाट बघायची आणि सरळ बाहेर काढायचा; वरच्या दातांवर घासून काढला की मान पुन्हा मागे जाते. मुलानं चमचा चावून धरला तर ओढू नये, जबडा सुटेपर्यंत थांबावं. प्लॅस्टिकचा चमचा इथे चालत नाही, तुटून तुकडा आत जातो. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

पेज पातळ असेल तर नागली (नाचणी) हाताशी असतेच. नागलीचं पीठ थोडं जास्त घालून शिजवलं की दाटपणा येतो. खूण सोपी आहे: चमचा वाकडा केला तर धार लागू नये, गोळा होऊन पडावं. मात्र थंड झाली की ती आणखी घट्ट होते, म्हणून खूण भरवायच्या वेळी बघायची, चुलीवर नाही. एक जेवण अर्ध्या तासापेक्षा लांबत असेल, वजन वाढत नसेल, तर नुसत्या दाटपणानं भागणार नाही. त्या मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावंच लागतं.

पायांच्या ताणाचं आता. आजी मालिश करते ती झटक्यात, पाय ओढून. ताठर स्नायूला झटका दिला की तो आणखी आवळतो. तिला मालिश बंद करायला सांगू नये, ती ऐकणारही नाही. हात सावकाश करायला सांगावं. घोट्याचा ताण देताना नव्वद टक्के लोक चवडा वर ढकलतात. तसं केलं की टाच जागची हलत नाही, पाऊल मध्येच मोडतं आणि तळवा उलटा फुगतो. बरोबर पद्धत: गुडघा सरळ, टाच आपल्या मुठीत, मुलाचा तळवा आपल्या मनगटाच्या वरच्या भागाला टेकलेला. टाच खाली ओढत आपण अंग पुढे झुकवायचं. तीस आकडे मोजायचे, तीन ते पाच वेळा. आणि हेही सांगून टाकावं की हातानं दिलेल्या पाच मिनिटांच्या ताणानं फार फरक पडत नाही. पाय दिवसाचे तास कोणत्या स्थितीत असतात त्यानं पडतो. म्हणून मूल कडेवर घ्यायची इथली पद्धत आम्हाला फार उपयोगाची वाटते. दोन्ही पाय आईच्या कंबरेला फाकून, मूल उभट. कात्रीसारखे आवळणारे पाय त्यात आपोआप मोकळे राहतात. दोन्ही पाय एका बाजूला लटकवून, तान्ह्यासारखं आडवं धरणं थांबवायचं, बस्स.

खुर्चीची गोष्ट जरा सविस्तर. जगभर मिशनवर जाणारी पथकं मोठ्यांच्या व्हीलचेअर मुलांना वाटून येतात. मूल तिच्यात एका बाजूला कलतं, पाय लोंबकळतात, पाठ वाकडी होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली कमी साधनांच्या ठिकाणी व्हीलचेअर कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तपासणी, माप, बसवणं, शिकवणं आणि नंतरची देखभाल अशा आठ पायऱ्या आहेत. वाटप ही त्यातली एकही नाही. शिवाय पाड्यावरच्या घरात सगळं जगणं जमिनीवर. उंच खुर्चीतलं मूल चुलीजवळच्या गप्पांपासून वरच राहतं. म्हणून आम्ही जमिनीवरची कोपऱ्याची बैठक करतो: पाठ टेकायच्या दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, खाली बसायचं बूड. पाठी काटकोनात असल्यानं खांदे पुढे येतात आणि दोन्ही हात समोर एकमेकांना भेटतात. सरळ पाठीच्या खुर्चीत ते होत नाही.

माल नाशिकचाच. द्राक्षाच्या निर्यातीचे जाड पुठ्ठ्याचे खोके बागाईतदार आनंदानं देतात. एक वाटी मैदा आधी एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग उकळत्या चार वाट्या पाण्यात ओतून तीन-चार मिनिटं ढवळायचा, की खळ तयार. पुठ्ठ्याचे तीन-चार थर, प्रत्येक थराच्या आतल्या नळ्या (पन्हळी) आधीच्याला आडव्या. शेवटच्या थराच्या मात्र उभ्या, कारण वजन उभ्या नळ्याच पेलतात. वर पाटा किंवा विटा ठेवून रात्रभर दाबायचं आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचं. अर्थात हे शिबिरात होत नाही. फळ्या नाशिकला आधी तयार, तिथे फक्त माप घेऊन हॅक्सॉनं कापणी. बुडाची रुंदी नितंबांपेक्षा दोन बोटं जास्त, पाठीची उंची काखेखालपर्यंत. मान न धरणाऱ्या मुलाला डोक्यापर्यंत. मांड्यांमध्ये फोम गुंडाळलेला खुंट.

एक जागा नेमकी चुकते. मांडीमागचे स्नायू आखडलेले मूल पाय सरळ पसरून बसवलं की कंबर मागे घसरते आणि पाठीचं धनुष्य होतं. अशा मुलाच्या बुडाखाली आठ-दहा सेंटिमीटर उंची द्यायची, घरातला पाटसुद्धा चालतो, म्हणजे गुडघे वाकतात आणि कंबर सरळ राहते. कंबरेचा पट्टा पोटावर नाही, मांडी आणि पोटाच्या घडीत, तिरका.

या बैठकीचे शत्रू दोन: लघवी आणि उंदीर. लघवीसाठी रेक्झिन आणि ऑइलपेंटचे दोन हात. उंदीर खळीच्या वासाला येतात, म्हणून कडांवर कागदाच्या पट्ट्या दोन थर चिकटवून रंग कडांनाही लावायचा. कोणी खळीत मोरचूद घालायला सांगतं. घालू नये, मुलं कडा चघळतात. आणि पावसाळ्यात अशी बैठक करायच्या भानगडीत पडू नये, बुरशी येतेच. पुठ्ठा कमी पडला तर टोमॅटोचं कॅरेट एका बाजूनं कापून, कडांवर फोम लावून बरं काम भागतं. ते धुताही येतं.

प्लास्टर मात्र शिबिरात चढवत नाही. ओलं असताना ठीक वाटलेलं प्लास्टर रात्री आवळतं, बोटं निळी पडतात, आणि ते कापायला पाड्यावर कोणी नसतं. वाकड्या पावलाच्या बाळाला, क्लबफूटला, पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला नवं प्लास्टर लागतं, साधारण पाच ते सात. मग बहुतेकांना टाचेमागच्या कंडरेला छोटा छेद, आणि पुढे तीन महिने दिवसाचे २३ तास बूट-पट्टी. नंतर ती झोपेत, चार वर्षांचं होईपर्यंत. हे काम रुग्णालयाचं. आपलं काम बाळ शोधणं, आईला हा सगळा हिशेब आधीच सांगणं आणि बूट-पट्टी सुटली की पाऊल पुन्हा वळतं हे सासूलाही पटवणं. एएफओचंही, म्हणजे घोटा-पावलाला आधार देणाऱ्या साच्याचंही, तसंच. वर्षभरात पाय वाढतो आणि एएफओ खुंटीवर जातो. देताना एक माप मोठा, वेल्क्रोचा बूट सोबत नसेल तर तो पहिल्या दिवसापासूनच खुंटीवर. घातल्यावर वीस मिनिटांनी काढून बघायचं. लाल डाग पुढच्या वीस मिनिटांत गेला नाही तर तिथे टोचतंय.

स्पीच थेरपिस्टनं शहरातली चित्रं घरी ठेवावीत. फ्रिज, सफरचंद, ट्रॅफिक सिग्नल दाखवून ‘मूल ओळखत नाही’ असं लिहिणं हा मुलावर अन्याय. कोंबडी, विळा, टोपली, हंडा, बैल हे खरे समोर आणावेत. घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते, म्हणून अंगणवाडी सेविका शेजारी हवी. तिच्याकडून शब्द घ्यावेत आणि आईला तेच घरचे शब्द वापरायला सांगावं. प्रमाण मराठीत बोला असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरायला लावावं.

कागद शेवटी, पण त्यांच्यासाठी वेगळा माणूस. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बहुतेक सवलती ४० टक्के अपंगत्वापासून सुरू होतात. यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी आधार, फोटो, मोबाइल लागतो. मोबाइल क्रमांक आईचा किंवा सेविकेचा घ्यावा. बापाचा दिला तर ओटीपी त्याच्याच फोनवर येतो, आणि तो बागेवर गेला की त्याचा फोन लागत नाही. सीपी, ऑटिझम, मतिमंदत्व यांसाठी निरामय या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही बसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत फिरतात. त्यांच्या यादीशी आपली यादी त्याच दिवशी जुळवून घ्यावी, नाहीतर तेच मूल दोन वह्यांत आणि उपचार एकाही ठिकाणी नाहीत.

सेविकेकडे प्रत्येक मुलाचं एकच पान ठेवतो: तीन कृती, चित्रांसह, तीनापेक्षा जास्त नाही. पहिला फोन आठवड्यानं, आणि तो दुपारी तीननंतर. त्या वेळी ती अंगणवाडीतून सुटलेली असते आणि टेकडीवर रेंजमध्ये येते.