तुमची कंपनी, आमची कंपनी

२०२१ ची भाऊबीज. दादा भुसावळहून आला होता. ओवाळून झालं, पानं वाढली, आणि पहिला घास घेता घेता तो आमच्या ह्यांना म्हणाला, "पाहुणे, तुमच्या कंपनीची पगाराची स्लिप कशी आली?"

मांडा वाढता वाढता माझा हात थांबला. तुमची कंपनी! तोवर आमच्या घरात 'फॅक्टरी' एकच होती. दादा भुसावळच्या आयुध निर्माणीत, म्हणजे सैन्यासाठी शस्त्रं-दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, हे वरणगावच्या. मधे पंधराएक किलोमीटरचा रस्ता, पण मालक एक, नियम एक, युनियनच्या गेट मीटिंगमधल्या घोषणाही त्याच. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून हे सगळे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी बोर्ड संपलं आणि देशभरच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. भुसावळ गेलं यंत्र इंडियात, तिचं मुख्यालय नागपूर. वरणगाव गेलं म्युनिशन्स इंडियात, तिचं पुणे. आमच्याकडे बंदुकीच्या गोळ्या होतात म्हणून आम्ही दारूगोळ्यात. त्यांच्याकडे दारूगोळ्याच्या पेट्या आणि पिनाका रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेट ठेवायचे नळ्यांचे संच, होतात म्हणून ते धातूकामात. वाटणी कामावरून केली, ते समजतं. पण सख्खे भाऊ वेगळे निघाल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

माझा जन्मच इस्टेटमधला, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतला. माझे वडील, आण्णा, वरणगावला १९६९ साली लागले, कारखाना उभा राहून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. भोंगा झाला की आई कुकर लावायची, घड्याळाकडे कोणी बघत नसे. कारगिलच्या वेळी आण्णा ओव्हरटाइम करून यायचे, डोळे लाल, शर्टाला तेलाचा वास. जेवताना एवढंच म्हणायचे, "पोरं वर थंडीत आहेत, माल कमी पडायला नको." त्यांना एक सवय होती, अजून आहे. हातात पेन आलं की ते बोटांवर हळूहळू फिरवतात आणि उजेडाकडे धरतात. गोळीच्या पितळी केसवर चीर नाही ना, तोंड दबलेलं नाही ना, हे बघण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या मुलाच्या कंपासपेटीतलं पेनही त्या तपासणीतून सुटत नाही.

१८ मार्चला आयुध निर्माणी दिवस असायचा. १८०२ साली त्या तारखेला कोलकात्याजवळ काशीपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं, म्हणून. आम्ही शाळेतल्या मुली रांगेनं प्रदर्शन बघायला जायचो. काचेमागे मांडलेल्या गोळ्या दाखवून मी मैत्रिणींना सांगायचे, ह्या माझ्या आण्णांनी बनवल्या.

कंपनी होऊ नये म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये देशभर संप झाला तेव्हा हेही गेटवर बसले होते. महिनाभराचा ठरलेला संप पाच-सहा दिवसांत मागे घेतला, बोलणी होतील म्हणून. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णयच आला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी संपावर बंदी घालणारा अध्यादेश. मग 'डीम्ड डेप्युटेशन' हा शब्द घरात शिरला. म्हणजे माणूस सरकारी, पण कामाला कंपनीकडे, आधी दोन वर्षं. पुढे ती मुदत वाढत गेली. प्रसार भारतीतल्या, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शनच्या, जुन्या कर्मचाऱ्यांसारखं निवृत्तीपर्यंत सरकारी कर्मचारीच राहू द्या, ही युनियनची मागणी. ती मला पटते. सरकारी नोकरी म्हणून माणसं इथे आली, इथेच म्हातारी झाली. मधेच मालक बदलला तर त्यांनी विचारायचं नाही का?

काम कमी झालं म्हणावं तर तसंही नाही. म्युनिशन्सचा माल आता परदेशातही जातो. पण इस्टेटमध्ये संध्याकाळी फिरायला निघालं की एकेका ओळीत बंद क्वार्टर मोजत जाते. जुने निवृत्त होऊन जळगाव-भुसावळला फ्लॅटमध्ये गेले. समोरच्या काकूंचा कढीपत्ता मीच पाणी घालून जगवलाय. डिसेंबरात गच्चीवर भरीत-पुरीची पंगत व्हायची, तीस-चाळीस पानं सहज. गेल्या वर्षी अकरा उठली. वांगी मात्र जुन्याच हिशेबानं आणली होती मी, बामणोदची, हिरवी, वाफ निघाली की सगळ्या ओळीला कळेल अशी.

नवी मुलं येतात ती मुदतीच्या कामावर. आमच्या शेजारणीचा भाचा अप्रेंटिस करून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्यात तसाच लागलाय, डेंजर बिल्डिंगमध्ये, म्हणजे जिथे स्फोटकांना प्रत्यक्ष हात लागतो तिथे. धोका पर्मनंट माणसाएवढाच, कागद मात्र मुदतीचा. परवा त्याच्यासाठी सावद्याचं स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पर्मनंट आहे का?"

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. आण्णा कोपऱ्यात खुर्चीवर होते. ते म्हणाले, "काम पक्कं करतो पोरगा. मी त्याचे हात बघितलेत."

पाहुण्यांनी मान हलवली. कळवतो म्हणाले. अजून फोन आलेला नाही.