शक्य तितकं

काल प्रार्थनेनंतर काका जे बोलले ते डोक्यातून जाता जात नाही. कडाक्याचं भांडण झालं असतं तर निदान मोकळं तरी वाटलं असतं. पण त्यांनी अगदी मायेने विचारलं, "रात्री दाराला कडी लावतेस ना गं तू? मग एखाद्या देशाने लावली तर त्याचं काय चुकलं?" सगळ्यांच्या माना डोलल्या. मावशीचीसुद्धा.

मावशीचं जास्त लागलं. असो.

वाचन बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायाचं होतं आणि ते माझ्याकडेच होतं. त्यात येशू म्हणतो, 'मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतलं.' वाचताना आवाज कापरा झाला होता माझा. बायबल मिटतेय तोवर गोष्ट स्थलांतरितांवर गेली, तिथून निवडणुकीवर, आणि मग ती कडी. त्यानंतर कुणी काही बोललंच नाही. ज्यांच्या शेजारी गुडघे टेकते, ज्यांच्यासोबत रडले आहे, त्यांच्यातच मला एकदम परकं वाटलं. रात्रभर तेच. माझ्या बाजूने एकानेही तोंड उघडू नये?

काका कठोर असते तर सोपं होतं. पण कुणी आजारी पडलं की रात्री उशाशी कोण बसतं हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाच्या आठव्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ आहे. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे, असं ते वचन. रेघ इतकी दाबून ओढलेली की पान उलटलं तरी मागून बोटाला लागते. त्यांच्या धाकट्याच्या वेळी जे झालं ते आठवलं की ती का ओढली असेल ते कळतं.

म्हणून त्यांचं म्हणणं ख्रिस्ती नाही असं मला म्हणवत नाही. ख्रिस्तसभाही तसं म्हणत नाही. आज सकाळी कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ काढून बसले. २२४१ क्रमांकाच्या परिच्छेदात आहे की संपन्न राष्ट्रांनी सुरक्षितता आणि पोटापाण्याच्या शोधात आलेल्या परक्याला शक्य तितकं सामावून घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे. त्याच परिच्छेदात पुढे राज्यकर्त्यांना अटी घालायची मुभा आहे, आणि आलेल्याने तिथले कायदे पाळावेत, तिथल्या वारशाचा मान राखावा, असंही आहे. थोडं पुढे, २२६४ मध्ये, स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क. आणि मत्तयच्या ज्या अध्यायाने मला रडवलं त्याच्याच सुरुवातीला रात्री दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला आहे. मूर्ख कुमारींचे दिवे विझायला लागतात, त्या तेल मागतात, तेव्हा शहाण्या कुमारी त्यांना चक्क नाही म्हणतात. आमचंही तेल पुरणार नाही, तुम्ही जाऊन विकत घ्या. हे दोन उतारे नेहमी वेगवेगळ्या रविवारी ऐकल्यामुळे ते इतके शेजारी आहेत हे कधी मनात आलं नव्हतं. ते तेल म्हणजे आपली आपण करायची तयारी, ती उसनी देता येत नाही, असा अर्थ लावतात. पटतो. तरी तो नकार तिथे आहेच.

मग मला बोचतंय काय? पुन्हा पुन्हा तिथेच येतेय मी.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स म्हणाले होते की आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपले देशबांधव आणि त्यानंतर उरलेलं जग, हीच ख्रिस्ती शिकवण. प्रेमाला क्रम असतो हे संत ऑगस्टीननेही सांगितलंय, संत थॉमस अक्वायनसनेही. पण १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी तिथल्या बिशपांना पत्र लिहिलं, आणि खरा क्रम शोधायचा तर वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाची काळजी घेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मनन करा असं सांगितलं. अक्वायनसनेही स्वतःच लिहून ठेवलंय की परका जिवावरच्या संकटात असेल आणि आपल्या वडिलांची गरज तितकी निकडीची नसेल, तर आधी परक्याला मदत करावी. म्हणजे नात्याबरोबर गरजही मोजायची. आमच्या त्या खोलीत गरज कुणी मोजलीच नाही. कडीचं उदाहरण आलं आणि विषय संपला. बोचलं ते हे. काकांच्या मतापेक्षा त्यानंतरची ती निवांत शांतता.

दुपारी संत बेनेडिक्टची नियमावली चाळली. सहाव्या शतकातली. मठाला दार होतंच, आणि ते सताड उघडं ठेवा असं त्यात कुठेही नाही. पण दारालगत एक खोली असावी, तिथे इकडेतिकडे भटकणार नाही असा एक शहाणा म्हातारा बसावा, आणि कुणी दार वाजवलं किंवा एखाद्या गरिबाने हाक मारली की त्याने लगेच 'देवाचे आभार' म्हणून ओ द्यावी. कोण आहे, कुठून आला, या चौकशीच्या आधी आभार! पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'दिदाखे'तही हाच व्यवहार दिसतो. प्रभूच्या नावाने येणाऱ्याला आत घ्या, मग पारखा. वाटसरू असेल तर दोन-तीन दिवस. राहायचं असेल आणि हातात कसब असेल तर त्याने काम करून खावं. फुकट खाणाऱ्यापासून सावध राहा. फसवणूक सोसलेल्या माणसांनीच असे नियम केले असणार. तरी आधी आत घेणं आहे.

हे वाचून रडू थांबलं. काकांना काही पटवायचं राहिलंय असंही आता वाटत नाही. मतदानाला आम्ही दोन बाजूंना असू आणि प्रार्थनेला एका बाजूला. तेवढं मला चालेल. मावशीशीही बोलेन कधीतरी.

अडलंय ते 'शक्य तितकं'पाशी. कुणी मोजायचं ते? ज्याच्याकडे आहे तोच मोजायला बसला तर त्याला ते नेहमी कमीच दिसणार. आणि दार वाजवणाऱ्याने मोजायचं म्हटलं तर घरात किती तोंडं आहेत हे त्याला काय माहीत? पुढच्या वेळी तो अध्याय पहिल्या वचनापासून घेऊ या असं सुचवणार आहे. तेलाचा भाग काकांनी वाचावा. मग हा प्रश्न त्यांनाच विचारेन. उत्तर म्हणून त्यांनी धाकट्याचं सगळं सांगायला घेतलं, तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकणार आहे.