बिझनेस इंग्लिश अपडेट: आकडे, इफ, आणि गप्प बसणं

राजेहो, बरेच दिवस झाले काही लिहिलं नाही, हळद काढणं, शिजवणं, वाळवणं सगळं एकामागून एक आलं, अभ्यास सुरू होता पण लिहायला हात रिकामा नव्हता. नवीन लोकांसाठी थोडक्यात: मी समुद्रपूर तालुक्यातली, वर्धा जिल्हा, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशोब आणि खरेदीदारांशी बोलणं माझ्याकडं आहे, शिक्षण मराठी मिडियम, आणि मीटिंगचं न् सौद्याचं इंग्रजी शिकणं हा आता माझा शौकच झाला आहे. घरचे म्हणतात बाकीच्या बाया सिरियल पाहतात, ही भाव करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहते.

कोणी विचारतं की खेड्यात बसून हे इंग्रजी लागतं कुठं. तर आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लांबचे फोन वाढले, आणि हळदीचा अर्क काढणारे मोठे कारखाने केरळात, कोचीच्या बाजूला. तिकडच्या माणसाला मराठी येत नाही, हिंदी अर्धी येते, मला मल्याळम येत नाही, मग दोघांच्या मधात उरलं इंग्रजी. त्यात हळदीला हमीभाव नाही. सोयाबीनला 2025-26 साठी 5328 रुपये क्विंटल ठरला होता, तो बाजारात मिळो न मिळो पण बोलताना पायाखाली एक आकडा तरी असतो. हळदीत तेही नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी 2025 मध्ये सुरू झालं, मुख्यालय निजामाबादला, पण भाव काही ते ठरवत नाही. म्हणजे जे बोलण्यात ठरलं तोच भाव, त्यामुळं या शौकाचे पैसे बऱ्यापैकी वसूल होतात.

या वेळी काय केलं ते सांगते. शब्दांच्या याद्या बंद केल्या. ते पन्नास फ्रेजेस, शंभर फ्रेजेसवाले व्हिडिओ पाहून छान वाटतं पण मीटिंगमध्ये त्यातली एक तोंडात येत नाही, आणि आली तरी चुकीच्या जागी येते. त्याऐवजी तीनच गोष्टी धरल्या, आकडे, अटी आणि शांतता. माझं मत असं झालंय की सौद्यात पैसा या तीन ठिकाणीच कमी-जास्त होतो, बाकीचं इंग्रजी मोडकं असलं तरी भागतं.

आकड्यांचं पहिले. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी. आमच्याकडचं नेटवर्क असं की शेवटचा 'न' कुठं गळून पडतो समजत नाही. पुस्तकात सांगतात की थर्टीमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर आणि थर्टीनमध्ये शेवटच्या, ते खरं आहे, पण थर्टीन टन्स असं पुढं नाम आलं की तोच जोर उचलून पुढं येतो आणि दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. म्हणून मी आता आकडा फोडूनच बोलते, "वन थ्री, थर्टीन टन्स", आणि लगेच चॅटमध्ये टाकते. समोरचाही मग तसंच करतो. कोणाला ते बालिश वाटत नाही, उलट पक्कं माणूस वाटतं.

दुसरं लाख कोटीचं. देशातल्या माणसाशी लाख चालतं, पण बाहेरचा कोणी कॉलवर असला की मिलियन आलंच, 1 मिलियन म्हणजे 10 लाख आणि 10 मिलियन म्हणजे 1 कोटी, हे लिहिलेलं सगळ्यांना येतं पण बोलता बोलता पटकन निघालं पाहिजे. यासाठी कापसाचा सराव भारी आहे, कापूसवाल्यांनी करूनच पाहा. आपण क्विंटल बोलतो, जिनिंगवाला रुईची खंडी बोलतो म्हणजे 356 किलो, गाठ 170 किलोची, आणि न्यूयॉर्कचा वायदा बाजार बोलतो सेंट प्रति पाउंड. तर रोज एक आकडा घ्यायचा, समजा 70 सेंट, आणि मोठ्यानं इंग्रजीतच हिशोब करत जायचं, किलोला साधारण 1.54 डॉलर, खंडीला 549 डॉलरच्या आसपास. सोयाबीनवाल्यांना शिकागोच्या वायदा बाजाराचा बुशेल, एक बुशेल 27.2 किलो. मी हे हळद पॉलिश करायच्या ड्रमजवळ करते, त्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही आणि आवाजही मोठा काढायची सवय लागते.

आता अटी, म्हणजे इफवाली वाक्यं. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घातला. व्याकरणात फर्स्ट कंडिशनल, सेकंड कंडिशनल म्हणून शिकवतात आणि उदाहरण देतात पाऊस पडला तर मी छत्री घेईन, त्याचा आपल्याला काय उपयोग. सौद्यात त्याचा अर्थ सरळ पैशात आहे. "इफ यू टेक द होल लॉट, वी विल रिड्यूस द रेट" म्हटलं की तो शब्द दिला, आता मागं फिरणं नाही. "इफ यू टूक द होल लॉट, वी कुड लुक ॲट द रेट" म्हटलं की नुसतं दार किलकिलं केलं, आकडा दिला नाही, वचन दिलं नाही, तो काय म्हणतो ते पाहायचं. सुरुवातीला टूक, कुड, वुड, आणि गोष्ट पक्की होत आली की टेक, विल. मीटिंगच्या कोणत्या टप्प्यावर आपण आहो हे ऐकणाऱ्याला त्या क्रियापदावरूनच समजतं. आणि इफ आधी बोलायचं. सूट आधी बोलली आणि अट मागून आली तर समोरचा सूट ऐकतो आणि अटीच्या वेळी त्याचा आवाज कटतो, नेमका.

रेंज द्यायची नाही हेही यातच आलं. "बिटवीन" म्हणून दोन आकडे दिले की खरेदीदाराला फक्त खालचा ऐकू येतो आणि विकणाऱ्याला वरचा, ही काही इंग्रजीची गोष्ट नाही, हिंगणघाटच्या मार्केट यार्डातही तसंच आहे.

माझा सध्याचा आवडता प्रश्न: "थर्टी डेज फ्रॉम व्हॉट?" पेमेंट थर्टी डेज असं सगळेच मोघम म्हणतात. इनव्हॉइसपासून, माल निघाल्यापासून, माल पोचल्यापासून, का त्यांच्या लॅबचा रिपोर्ट आल्यापासून? यात महिन्याचे दोन महिने सहज होतात. तसंच ओलाव्याचं. वाळली हळद साधारण 10 टक्क्यांच्या आसपास ओलाव्याची द्यायची असते, पण "सब्जेक्ट टू मॉइश्चर टेस्ट" यापुढं टेस्ट कुठं हे आलंच पाहिजे, आमच्या गोडाऊनला गाडी भरायच्या आधी का तिकडं उतरवल्यावर. मागच्या हंगामात एका खरेदीदारानं तिकडच्या मोजणीवर वजनात कपात धरली होती, समुद्राकाठची दमट हवा न् आमची कोरडी हवा, फरक येणारच. आता "ॲट आवर गोडाऊन, बिफोर लोडिंग, इन द प्रेझेन्स ऑफ युवर पर्सन" हे वाक्य मला झोपेतही येतं.

आता शांतता, आणि याचं श्रेय मामाजींना. माझे सासरे आयुष्यभर बैलबाजार फिरले, रुमालाखाली बोटं धरून भाव करणाऱ्या पिढीतले, इंग्रजीचा गंध नाही. पुण्यातली माझी मावसबहीण आयटीत आहे, ती व्हिडिओ कॉलवर खरेदीदार बनते आणि मी विकणारी, असा आमचा सराव चालतो, मामाजी ओसरीत बसून ऐकतात. एक दिवस कॉल संपल्यावर म्हणाले, "तो समोरचा गप बसला का तू काऊन बोलतं बाई? तो गप बसला म्हंजे हिशोब करून राह्यला. करू दे त्याले." मी म्हटलं मामाजी तो नाही ती आहे. म्हणाले, "कोनी बी असो, पहिले गप राह्यनं शिक, इंग्रजी मंग शिकजो."

गोष्ट खरी होती. भाव सांगितल्यावर शांतता झाली की शिकणाऱ्या माणसाला वाटतं आपलं इंग्रजी समजलं नाही, मग तो तेच वाक्य वेगळ्या शब्दात सांगतो, आणि वेगळ्या शब्दात सांगताना "बट वी कॅन ॲडजस्ट" चिकटतंच. पण नुसतं गप्प बसा म्हणून होत नाही, कारण ऑनलाइन मीटिंगमध्ये शांतता म्हणजे नेटवर्क गेलं असंच दोघांना वाटतं, आणि हॅलो हॅलो कॅन यू हिअर मी सुरू झालं की गेली ती शांतता. त्यावर मावसबहिणीनं तोड काढली, भाव सांगायचा आणि लगेच म्हणायचं, "आय विल गिव्ह यू अ मोमेंट टू थिंक", आणि माइक स्वतःच म्यूट करायचा. समोर लाल खूण दिसते, नेटवर्क गेलं नाही हे समजतं, आणि आपलं तोंडही बंद राहतं. बैलबाजारातला रुमाल न् हे म्यूटचं बटण, मामाजींना समजावून सांगितलं तर हसले.

नाही म्हणायचं इंग्रजी अजून घडतंय. आमच्याकडं "नाही जमत भाऊ" म्हटलं की झालं, कोणाला राग नाही. इंग्रजी मीटिंगमध्ये सरळ नो फार टोकाचं पडतं, म्हणून "आय ॲम अफ्रेड दॅट्स डिफिकल्ट फॉर अस", "वी वेअर होपिंग फॉर समथिंग क्लोजर टू" आणि पुढं आकडा. आर होपिंग असं वर्तमानात न म्हणता वेअर होपिंग म्हटलं की मागणी थोडी लांब सरकते आणि मऊ होते, मराठीतही आपण "जरा विचारायचं होतं" म्हणतोच की, आत्ताच विचारायचं असतं तरी. हे जुळलं तेव्हापासून पाठ करावं लागलं नाही.

आणि हो, डू द नीडफुल (जे लागतं ते करा), रिव्हर्ट बॅक (उत्तर कळवा) या आपल्या देशी इंग्रजीवर हसणारे व्हिडिओ पाहून घाबरू नका. कोचीच्या माणसाला ते समजतं, दिल्लीच्या ऑफिसलाही समजतं. परदेशी माणूस कॉलवर असेल तेव्हा रिप्लाय म्हणा, बस. उच्चारावर महिने घालवणारे लोक पाहिले की जीव हळहळतो, तेवढ्या वेळात त्यांचे आकडे पक्के झाले असते.

ऐकायचा सराव कुठून करता असं मागं दोघातिघांनी विचारलं होतं. माझा खजिना म्हणजे शेअर बाजारातल्या कंपन्यांचे कॉल. तिमाही निकालानंतर कंपन्या विश्लेषकांशी बोलतात, त्याचं रेकॉर्डिंग आणि पूर्ण लिखित प्रत कंपनीच्या वेबसाइटवर किंवा एक्स्चेंजच्या साइटवर फुकट असते. सुरुवातीचं भाषण सोडून द्या, प्रश्नोत्तरं ऐका. आपल्याच लोकांचे उच्चार, खरे आकडे, आणि अडचणीचा प्रश्न आला की मॅनेजमेंट कशी गोल गोल फिरते, हे कोणत्या क्लासमध्ये मिळणार नाही. खत, बियाणं, मसाल्याच्या कंपन्या घ्या, विषय आपला असतो. एकदा ऐकायचं, मग प्रत समोर ठेवून, मग त्यांच्या मागोमाग बोलत. पहिल्यांदा अर्धं डोक्यावरून जातं, जाऊ द्या.

इनकोटर्म्स थोडे वाचले, पुढच्या तयारीसाठी, म्हणजे देशाबाहेरच्या सौद्यात खर्च न् जोखीम कुठपर्यंत कोणाची हे सांगणाऱ्या अटी. 1936 पासून चालत आलेले नियम आहेत, सध्या 2020 ची आवृत्ती, एकूण 11 प्रकार. वरुडकडच्या संत्रावाल्या मित्रमैत्रिणींनी एक लक्षात घ्या, एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंत विकणाऱ्याचा) हे जहाजासाठी आहे, ट्रकनं बांगलादेश सीमेवर माल जात असेल तर एफसीए (ठरल्या जागी खरेदीदाराच्या वाहतूकदाराच्या हवाली) बसतं, सगळे सवयीनं एफओबीच म्हणतात ते वेगळं. आणि सीआयएफमध्ये भाडं न् विमा विकणाऱ्याचा असला तरी जोखीम माल जहाजावर चढला की खरेदीदाराची होते. हे मला तीनदा वाचूनच पटलं, यावर वेगळं लिहीन.

मीटिंग संपायच्या आधीचं एक वाक्य मात्र आता सोडत नाही: "कॅन आय जस्ट चेक व्हॉट वी अग्रीड?" आणि त्याच संध्याकाळी ईमेल मीच टाकते. ज्यानं लिहिलं त्याच्या शब्दात सौदा राहतो, समोरचा वाचून ओके टाकतो, फार तर एखादी ओळ बदलतो. ईमेल छोटा, भाव, वजन, ओलावा कुठं मोजायचा, पैसे कधीपासून मोजायचे, गाडी कोणाची.

पुढचं टार्गेट चार-पाच जणांची मीटिंग. दोघांत बोलणं जमायला लागलं पण जास्त लोक असले की मधात शिरायचं कसं, "कॅन आय कम इन हिअर" म्हणेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. मावसबहीण एकटी पाच माणसं बनू शकत नाही. तर कोणाला कडक खरेदीदार व्हायची हौस असेल तर सांगा, सोयाबीन नाहीतर हळद, भाव पाडायला पूर्ण मुभा. संध्याकाळी 7 नंतर जमते, फक्त मंगळवार नको, मंगळवारी आमच्याकडं बाजार असतो.